पॉइंटर कुत्रीसाठी बैलाच्या साजाच्या दुकानातली पितळी घंटी: हंगामभर वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधी निकाल सांगतो, बाकीचं मग. तुमच्याकडं पॉइंटर जातीचं कुत्रं असेल, शेत कपाशी-तुरीचं असेल आणि कुत्रं आत शिरलं की दिसेनासं होत असेल, तर ऑनलाइन मिळणारा बॅटरीवाला बीपर कॉलर (कुत्रं कुठं आहे ते बीप वाजवून सांगणारा पट्टा) घेऊ नका. सरळ बाजारात जा, बैलाच्या साजाचं दुकान गाठा आणि उघड्या तोंडाची, आत लोलक असलेली लहान पितळी घंटी घ्या. घुंगरू नको, घंटीच. मला पट्ट्यासकट तीनशेच्या आत पडली. बीपरला जेवढे पैसे गेले तेवढ्यात अशा वीस घंट्या आल्या असत्या.

आता नीट सांगतो, कारण यात बारीक गोष्टी बऱ्याच आहेत आणि चुकीची घंटी घेतली तर काहीच उपयोग नाही.

पॉइंटर म्हणजे काय हे आपल्याकडं फार जणांना माहीत नसतं, आमच्या गावात माझ्या कुत्रीला, मैनेला, सगळे डाल्मेशियनच समजतात, अंगावर ठिपके दिसले की विषय संपला. मैना इंग्लिश पॉइंटर आहे, पांढरी, कानावर अन् पाठीवर गडद चॉकलेटी डाग. या जातीचं काम एकच, डोकं वर करून वाऱ्याच्या तोंडावर पळायचं आणि गवतात दबलेल्या पाखराचा वास हवेत लागला की जागच्या जागी थांबायचं. भुंकायचं नाही, झेप घ्यायची नाही. पुढचा एक पाय उचललेला, शेपटी ताणलेल्या तारेसारखी, नाक पाखराकडं. यालाच पॉइंट म्हणतात. माणूस मागून येईपर्यंत ते कुत्रं तसंच उभं राहतं, अन् हे शिकवून येत नाही, ते रक्तातच असतं, दोन-तीन महिन्यांचं पिल्लू काठीला बांधलेल्या पिसावर पॉइंट धरतं. शिकवायचं असतं ते फक्त थांबून राहणं. जातीचं मूळ स्पेनकडचं म्हणतात, अठराव्या शतकात इंग्रजांनी तिला आजचं रूप दिलं, आणि १८६५ साली इंग्लंडात बेडफर्डशरमधल्या साउथहिलला पॉइंटर अन् सेटर (पॉइंटरसारखीच पाखरू दाखवणारी जात) कुत्र्यांची पहिली फील्ड ट्रायल, म्हणजे रानातली स्पर्धा, झाली. साहेब लोक ही कुत्री हिंदुस्थानातही घेऊन आले होते तित्तर-लाव्याच्या शिकारीसाठी.

शिकार आता नाही, आणि नाहीच पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती बंद आहे, अन् कायद्यात शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नाही, पाखरू हाकलत नेणं, पकडणं, अंड्याला-घरट्याला धक्का लावणं हे पण त्यातच येतं. त्यामुळं मैनेचं शिक्षण सगळं पाळलेल्या कबुतरांवर झालं, आमच्याच पडीत शेतात, टोपलीखाली कबूतर ठेवून. आणि शेतातून फिरताना जंगली तित्तरावर उभी राहिली तर नियम पक्का आहे, बाजूनं जायचं, पट्ट्यात दोर अडकवायचा, पाठ थोपटायची, आल्या वाटेनं मागं. पाखरू उठवायचं नाही. कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्याकडं तर कुत्रं घेऊन जायचा प्रश्नच नाही. उन्हाळा लागल्यापासून पावसाळा सरेपर्यंत तित्तराची अंडी-पिल्लं गवतात अन् धुऱ्यावर असतात, ते दिवस मैना दोरावर. हे सगळं आधीच लिहून ठेवतो कारण खाली मी पाखरांबद्दल लिहिणार आहे आणि कोणी त्याचा उलटा अर्थ काढायला नको. मला पाखरू नको असतं, मला तो पॉइंट पाहायचा असतो. ज्याने एकदा पाहिला त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

तर अडचण ही. दसरा-दिवाळीला सोयाबीन निघून गेलं की त्या रानात मैना दोन एकर लांब गेली तरी दिसते, पांढरी आहे. पण आपल्याकडं कपाशीत तुरीचं तास असतं, नोव्हेंबरात कपाशी कमरेच्या वर अन् तूर डोक्याच्या वर गेलेली असते. कुत्रं एकदा आत शिरलं की गेलंच. ते पळतंय का, पॉइंट धरून उभं आहे, का कुठं तारेत अडकलंय, काहीच कळत नाही. आणि चांगली पॉइंटर कुत्री ही पॉइंटवर असताना तुम्ही हाक मारली तरी यायची नाही, यायला नकोच आहे तिने, तेच तर तिचं शिक्षण. म्हणजे तुम्ही धुऱ्यावर उभे राहून ओरडताय आणि ती आत दहा पावलांवर पुतळा होऊन उभी आहे. मग शोधायची कशी.

याला बाहेरच्या देशांत जुना उपाय आहे. इटली-फ्रान्समध्ये झाडीत वुडकॉक नावाच्या पाखरामागं सेटर-पॉइंटर सोडतात तेव्हा कुत्र्याच्या गळ्यात घंटी बांधतात, अमेरिकेत रफ्ड ग्राउस नावाच्या पाखराच्या जंगलात पण तेच. घंटी वाजतेय म्हणजे कुत्रं पळतंय. घंटी थांबली म्हणजे कुत्रं थांबलं, पाखरू सापडलं. शेवटचा आवाज जिथून आला तिकडं चालत जायचं. इतकं साधं आहे. पुढं यातूनच इलेक्ट्रॉनिक बीपर निघाले, त्यात कुत्रं पळताना एक आवाज अन् थांबलं की दुसरा, आणि आता तर सॅटेलाइटवाले कॉलर आहेत.

मी आधी बीपर मागवला. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्या किमतीत मिळणारे बरेच कॉलर दिसायला तरी एकाच साच्यातले आहेत. पहिली गोष्ट, वजन. डबी मानेखाली लोंबते, मैना पळताना ती छातीवर आपटायची. दुसरी, आवाज. पॉइंटवर असताना दर थोड्या वेळानं तो कर्कश बीप वाजतो, आता विचार करा, कुत्रं पाखरापासून चार हातांवर श्वास धरून उभं आहे आणि त्याच्याच गळ्यातून सायरन. तित्तर बसून राहील का? कबूतर टोपलीत असतं म्हणून त्याला पळता येत नाही, पण मैनाच दचकायची, नंतर नंतर तर कॉलर हातात दिसला की कान पाडून खाटेखाली. तिसरी, चार्जिंग. आमच्याकडं लाइटीचं वेळापत्रक ज्याचं त्याला माहीत. पावसात एकदा भिजला तो गेलाच, आणि विकणाऱ्याने पाणी गेलं म्हणून वॉरंटी नाही असं कळवलं, तर पाकिटावर वॉटरप्रूफ छापलेलं. वर त्यात शॉक द्यायचं बटण पण होतं. ते मी कधी दाबलं नाही अन् कोणीही दाबू नये, पॉइंट धरलेल्या कुत्र्याला एकदा जरी शॉक बसला तर त्याच्या डोक्यात पाखराचा वास आणि दुखणं यांची गाठ बसते आणि मग ते कुत्रं वास आला की तोंड फिरवतं. एवढ्या पिढ्यांनी जपलेली गोष्ट एका बटणानं जाते. सिमकार्डवाला ट्रॅकर पण शेजारच्या तालुक्यातल्या एका मित्राकडं पाहिला, त्याचं लोकेशन येईपर्यंत कुत्रं दुसऱ्या वावरात, अन् ओढ्याच्या खोलात रेंजच नाही.

मग दुकान.

आमच्या बाजाराच्या गावात बैलाच्या साजाची अजून दुकानं टिकून आहेत, पोळ्याच्या आधी तिथं पाय ठेवायला जागा नसते, झुली, माथोट्या, बाशिंगं, चवरं, बेगड, कासरे, वेसणी, घुंगरमाळा सगळं टांगलेलं. मी गेलो ते दिवाळीच्या आधी, दुकान रिकामं होतं म्हणून दुकानदार काकांना वेळ होता. विचारलं त्यांनी, "कायच्यासाठी पायजे भाऊ, गोऱ्ह्याले का बकरीले?" म्हटलं कुत्रीला. थोडं थांबले. "कुत्रीले कायले घंटी?" मी सगळं सांगितलं, पाखरू, वास, थांबणं, तुरीत न दिसणं. मला वाटलं होतं हसतील, पण ते उठले, माळ्यावरून एक डबा काढला आणि एकेक घंटी माझ्या कानाजवळ न वाजवता पोराला रस्त्याच्या पलीकडं पाठवून तिथून वाजवायला लावली. "जोळून सगळ्याच चांगल्या वाजतेत. दुरून आयका." घंटी विकत घ्यायची ती अशी. ऑनलाइनवाल्याने असं केलं असतं का कधी.

तिथं तीन प्रकार होते आणि तिन्ही मी वापरून पाहिले, दोन विकत घेतले अन् एक काकांनी तसाच दिला पाहायला.

पहिला घुंगरू. गोल, बंद, आत खडा. दिसायला सगळ्यात छान आणि सगळ्यांना आधी तोच सुचतो. पॉइंटरसाठी तो बाद. कारण कुत्रं उभं राहिलं तरी ते धापा टाकत असतं, छाती हलते, मान हलते, आणि घुंगरू तेवढ्यानं पण वाजतं. म्हणजे ज्या क्षणासाठी हे सगळं बांधलंय तोच क्षण कळत नाही. सततची एक छुमछुम ऐकू येत राहते, पळतानाची जोरात अन् थांबल्यावरची हळू, लांबून दोन्हीत फरक करता येत नाही. नुसतं कुत्रं कुठं आहे एवढंच पाहिजे असेल तर घुंगरू ठीक आहे, अंगणात फिरणाऱ्या पिल्लाला बांधा.

दुसरी लोखंडी पत्र्याची घंटी, बकऱ्यांना असते ती. आवाज आखूड, ठणठणीत, लांबवर रेंगाळत नाही. खरं तर कामाच्या दृष्टीनं हा आवाज सगळ्यात साफ, कुत्रं थांबलं की आवाज लगेच तुटतो. पण आमच्या शिवारात बकऱ्यांचा कळप रोज असतो आणि त्यांच्या गळ्यात हेच! पहिल्याच सकाळी मी अर्धा वावर चालत गेलो तर समोर बोकड, आणि मैना मागच्या बाजूला. शिवाय दवात लोखंड गंजतं, गंज तिच्या पांढऱ्या गळ्यावर उतरला, धुतला तरी पिवळा डाग राहिला बरेच दिवस.

तिसरी पितळी, ओतीव, उघड्या तोंडाची, लिंबाएवढी. काका म्हणाले हा माल उत्तर प्रदेशातल्या जलेसरचा, ते गाव घंट्या-घुंगरांसाठीच प्रसिद्ध आहे. आवाज वरच्या पट्टीतला, बकरीच्या घंटीपेक्षा वेगळा ओळखू येतो, गाई-बैलांच्या मोठ्या घंटीपेक्षा तर फारच वेगळा. हीच ठेवली. यात पण एक गोष्ट पाहायची, पितळ जितकं जाड अन् तोंड जितकं रुंद तितका नाद लांबतो, देवळातली घंटा वाजून गेल्यावर घुमत राहते तसं, आणि आपल्याला ते नको आहे. काशाची घंटी तर त्याहून लांब घुमते, कासं म्हणजे तांब्यात कथील, पितळ म्हणजे तांब्यात जस्त, काशाचा नाद गोड असतो पण कुत्र्याच्या कामाला गोडवा कशाला. मी काकांना हे बोललो तर त्यांनी आतल्या लोखंडी लोलकाला कासऱ्याच्या चामड्याची पट्टी गुंडाळून शिवून दिली. वाजते पण घुमत नाही. टुण, टुण, टुण, आणि थांबली की थांबली. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. कडेला धार होती ती कानशीनं घासून दिली, "तिच्या गयाले लागन" म्हणून. ही सर्व्हिस बघून मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी गिऱ्हाईक म्हणून कोण, एक घंटी नेणारा. पण त्यांनी ती वस्तू ज्या जनावराच्या गळ्यात जाणार त्याचा विचार केला.

आता शेतात कशी चालली ते.

पॉइंटर वाऱ्यावर चालते, म्हणजे वारा तिच्या तोंडावर, आणि आपण तिच्या मागं. याचा एक फायदा माझ्या लक्षात वापरता वापरता आला, वारा तिच्याकडून आपल्याकडं येत असतो, म्हणून आवाज पण वाऱ्यासोबत आपल्याकडंच येतो. सकाळच्या गारव्यात तुरीच्या आतून दोन एकर पलीकडची टुणटुण स्पष्ट ऐकू येते. ती वळसा घालून आपल्या मागच्या बाजूला गेली की मात्र आवाज एकदम कमी होतो, तिथं थोडं थांबून ऐकावं लागतं. आठ-नऊ वाजता एखादा ट्रॅक्टर किंवा फवारणीचा पंप सुरू झाला की खेळ संपला, पण तोपर्यंत ऊन पण चढलेलं असतं अन् वास उडालेला असतो. कोरड्या, तापल्या मातीवर कुत्र्याला वास धरणं जड जातं, दवाच्या ओलीत चांगला लागतो, त्यामुळं घरी परतायची वेळ तशीही झालेलीच असते.

आणि घंटी नुसती चालू-बंद नाही सांगत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. लावा, म्हणजे बटेर म्हणतात ते लहान पाखरू, तो दबून बसतो, पायाखाली येईपर्यंत उठत नाही. त्याच्यावर मैना उभी राहिली की घंटी एकदम कापल्यागत बंद. तित्तराचं तसं नाही. तित्तर उडायला आळशी, पळायला पटाईत, वास आला म्हणून कुत्री थांबते तोवर तो तासातासानं पुढं पळालेला असतो, मग ती दबक्या पावलानं पुढं सरकते, पुन्हा थांबते. तेव्हा घंटी कशी वाजते माहितीये, टुण... मग काहीच नाही... टुण... टुण... मग नाही. आता तर मला बाहेर उभं राहून ओळखता येतं की आत लावा आहे का तित्तर. आणि ससा उठला तर? तर घंटी बंद न होता एकदम पिसाट सुटते, म्हणजे मॅडम मागं लागल्यात, शिट्टी फुंकायची वेळ झाली. हे सगळं बीपरच्या दोन आवाजांत कुठून येणार. त्यात पळतंय आणि थांबलंय एवढंच, मधलं काही नाही, आणि पॉइंटर कुत्र्याचं निम्मं सौंदर्य त्या मधल्यातच आहे, ती वास सोडते, परत धरते, शंका घेते, खात्री करते. ते डोळ्यांनी दिसत नसताना कानांनी कळतं ही गोष्ट माझ्यासाठी घंटीच्या किमतीच्या पलीकडची आहे.

एक फायदा मात्र मी धरलाच नव्हता. कपाशीची वेचणी चालू असताना वावरात बायामाणसं असतात, ओटी बांधून वाकलेल्या, आणि अचानक तासातून एक जनावर बाहेर पडलं की काळजाचं पाणी होतं. आमच्याकडं रानडुक्कर रोजचं, बिबट्याची पण भीती आहे लोकांना. आधी एकदा शेजारच्या वावरातल्या मावशी मैनेला पाहून पाटी टाकून पळाल्या होत्या. घंटी बांधल्यापासून त्या लांबूनच म्हणतात, "आली वो माय मैना," अन् वेचत राहतात. रखवालीवाल्याला पण अंधारात कळतं की हे डुक्कर नाही. माझ्या मते गावात शिकारी जातीचं कुत्रं मोकळं सोडणाऱ्या प्रत्येकाने फक्त एवढ्यासाठी तरी घंटी बांधावी, पॉइंट वगैरे राहू द्या बाजूला.

वाईट बाजू पण आहे, ती लिहितो. काळ्या मातीत पाऊस झालेला असेल तर घंटीत चिखल भरतो आणि लोलक चिकटून बसतो, मग घंटी बंद आहे म्हणून तुम्ही पॉइंट समजून धावत जाता अन् कुत्री मजेत हुंदडत असते. दर थोड्या वेळानं बोलावून बोट फिरवून साफ करावी लागते. दाट कुंद्यात, हराळीत आवाज दबतो. कुसळी गवतातून गेलं की कुसळं पट्ट्यात घुसतात आणि गळ्याला टोचत राहतात, घरी आल्यावर पट्टा काढून उलटा करून पाहायचाच. आणि कान. कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट, तासन् तास कानाखाली धातू वाजणं चांगलं नाही, म्हणून मी रानात पोचल्यावर बांधतो आणि परत फिरताना काढतो, दिवसभर गळ्यात ठेवत नाही. जड घंटी घेऊच नका, मोठ्या आवाजाच्या मोहात बैलाची घंटी बांधलेली पाहिलीय मी एकाकडं, कुत्रं मान खाली घालून पळत होतं, आणि मान खाली गेली की हवेतला वास कसा घेणार ते.

पट्टा चामड्याचा नको. काकांकडं सुंदर चामडी पट्टे होते, मोती लावलेले, मोह होतो, पण ओला झाला की ताठतो, वास मारतो अन् केस उडवतो. रुंद नायलॉनचा घ्या, भगवा किंवा लाल, आणि दोन बोटं आत जातील एवढा सैल. घंटी मानेच्या खाली मधोमध राहिली पाहिजे, सैल पट्ट्यात ती कानाशी फिरते. पट्ट्याची क्लिप झटका दिला की सुटेल अशी असली तर बरं, कारण काटेरी तारेत किंवा बाभळीच्या फांदीत पट्टा अडकला तर जीव वाचतो.

तार म्हटल्यावर एक सांगणं भाग आहे, हे घंटीच्या रिव्ह्यूत बसत नाही पण लिहितोच. आपल्याकडं रानडुकरांसाठी वावराभोवती झटका मशीन लावलेली असतात, रात्री सुरू, सकाळी बंद करायची विसरलेली. काही ठिकाणी तर सरळ लाइनीचा करंट सोडतात, जो बेकायदेशीर आहे अन् माणसं पण मरतात त्याने. ओळखीच्या वावराबाहेर कुत्रं सोडू नका, सोडायच्या आधी मालकाला विचारा, तार तपासा. फवारणी झालेल्या कपाशीत तर अजिबात नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, ते पायावर उभं राहून फवारत होते, आणि कुत्रं तर त्याच पानांतून नाक काढत पळतं अन् नंतर पाय चाटतं. घोणस गवतात असतेच, थंडीत सकाळी उन्हाला येते. आणि ऊन. कुत्र्याचं अंग नेहमीच ३८.३ ते ३९.२ सेल्सिअसच्या घरात असतं, ४१ च्या वर गेलं की जीवावर बेततं, आणि ते घामानं नाही, जीभ काढून थंड होतं. आपल्याकडं मार्चमध्येच चटके बसतात. म्हणून दिवाळी ते होळी, तेही सकाळचं, एवढाच हंगाम. मैना थांबत नाही, तिला थांबवावं लागतं, ती वासाच्या नादात पडेपर्यंत पळेल. पाण्याची कॅन नेहमी सोबत, आणि पाणी पोटावर, पायांवर पण टाकायचं.

घंटीच्या जोडीला शिट्टी लागतेच, कारण घंटी तिची बातमी आपल्याला देते पण आपली बातमी तिला कोण देणार. शिट्टी मी एक्मेची नंबरवाली वापरतो, बर्मिंगहॅमच्या हडसन कंपनीची, ही कंपनी १८७० पासून शिट्ट्याच बनवते. या शिट्ट्यांचं चांगलं हे की नंबरप्रमाणे सूर ठरलेला असतो, हरवली तर त्याच नंबरची दुसरी आणायची, कुत्र्याला फरक कळत नाही. एक लांब फुंक म्हणजे थांब, तीन-चार लहान म्हणजे ये. पोलीस भरतीच्या मैदानावरची, आत मटाराएवढा दाणा असलेली शिट्टी चालते, पण तिचा सूर दर वेळी वेगळा निघतो आणि लग्नाच्या बँडवाल्याकडं पण तीच असते.

पैशाचा हिशेब एकदा लिहितो. घंटी १८० रुपये, नायलॉनचा पट्टा ९०. चामड्याची शिलाई काकांनी फुकट. वर्षभरात देखभाल म्हणजे चिंच किंवा लिंबानं घासणं, तेही हौस असेल तर, नाही घासली तरी आवाजाला काही होत नाही. लोलकाला गुंडाळलेलं चामडं झिजतं, ते हंगामाआधी बदलायचं, जुन्या चपलेच्या तुकड्यानं पण काम होतं. लोलक ज्या कडीत अडकवलाय ती कडी मात्र दर वेळी बघा, तिचं तोंड उघडलं की लोलक पडतो आणि तुरीत लोलक शोधणं अशक्य.

घ्यायची असेल तर पोळ्याच्या आधीचे पंधरा दिवस जा, तेव्हा माल सगळ्यात जास्त आलेला असतो, पन्नास घंट्यांतून निवडता येते. गर्दीमुळं दुकानदाराला वेळ कमी असतो, म्हणून सकाळी दुकान उघडताच जायचं आणि सोबत एक माणूस न्यायचा, त्याला रस्त्यापलीकडं उभं करून वाजवायला लावायचं. पोळा झाला की उरलेला माल माळ्यावर जातो आणि मग मागितल्याशिवाय कोणी काढत नाही. दोन कुत्री असतील तर दोघांना वेगवेगळ्या सुराची घ्या, एक बारीक, एक जाड, म्हणजे कोण थांबलं ते कळेल. मी स्वतः आता दुसरी शोधतोय, कारण मैनेची बहीण पाहुण्यांकडून आमच्याकडं येणार आहे, अन् काकांनी सांगितलंय की जलेसरचा नवीन माल आला की जाड सुराची एक बाजूला काढून ठेवतो.